मावा खाणाऱ्याचं बिल माझ्या करातून का?

प्रश्न : आमच्या गल्लीत मावा-गुटखा खाऊन दोघांना तोंडाचा कॅन्सर झाला. दोघांचीही ऑपरेशनं सरकारी योजनेतून झाली. मी कधी सुपारीसुद्धा तोंडात टाकली नाही, कर मात्र भरतो. अशांकडून निम्मा तरी खर्च का वसूल करू नये? (एक वाचक, तासगाव)

उत्तर : राग समजतो, पण हिशेब उलटा पडतो. खर्च किती येणार, हे मुख्यतः पेशंट कोणत्या टप्प्यावर आला यावर ठरतं. गाठ लहान असताना आला तर बऱ्याचदा एका ऑपरेशनवर भागतं. जबड्याच्या हाडात, मानेच्या गाठींत पसरल्यावर आला की जबडा कापा, छातीचं किंवा मांडीचं मांस लावा, मग सहा आठवडे रेडिएशन, कधी जोडीला किमो. ‘खातोस का?’ या उत्तरावर बिल ठरू लागलं तर लोक खोटं बोलतील आणि आणखी उशिरा येतील. ते वाढीव बिलही तुमच्याच माथी. शिवाय तंबाखूला न शिवलेल्यांनाही हा आजार होतो. निवाडा करायला काउंटरवर बसणार कोण?

जबाबदारी नाही असं नाही, पण ती फक्त खाणाऱ्याची नाही. राज्यात गुटखा 2012 पासून बंद आहे. अन्नसुरक्षा कायद्यात आयुक्तांना एका वेळी एक वर्षापुरतीच बंदी घालता येते, म्हणून आदेश दरवर्षी नव्याने काढावा लागतो. पळवाट सगळ्यांना ठाऊक आहे : मसाल्याची पुडी वेगळी, तंबाखूची वेगळी, मिसळणं गिऱ्हाइकाच्या तळहातावर. साधी तंबाखू आणि मिश्री तर राजरोस विकली जाते. शाळेपासून 100 यार्डांत (साधारण 91 मीटर) तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे, पण दंड 200 रुपयांपर्यंतच! टपरीवाला कशाला घाबरेल? राग इथे काढा. गुटख्याची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या 1800 222 365 या नंबरवर करता येते.

प्रश्न : सासूबाई चाळीस वर्षं मिश्री लावतात. गालात पांढरा डाग आहे, पण ‘दुखत नाही’ म्हणून दवाखान्यात येत नाहीत. (वाई)

उत्तर : सुरुवातीला दुखत नाही, म्हणूनच उशीर होतो. चूळ भरून उन्हात आरशासमोर बसवा. दोन्ही गाल आतून, ओठांची आतली बाजू, हिरड्या, टाळू आणि जिभेखालची जागा बघा. जिभेच्या कडा बघताना ती स्वच्छ फडक्याने धरून बाजूला ओढा. तीन बोटं उभी तोंडात जायला हवीत. पुसून न जाणारा पांढरा डाग, त्याहून वाईट म्हणजे लाल डाग, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, किंवा दात काढल्यावर तशीच राहिलेली खाच, यातलं काहीही दिसलं तर दाखवायलाच हवं. त्यांचा डाग तर दिसतोच आहे, तेव्हा थांबू नका. तिशीनंतर तोंडाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते, बीपी-शुगरही बघतात.

मिश्री सोडताना ‘तिच्याशिवाय पोट साफ होत नाही’ हे हमखास ऐकायला मिळेल. ते खोटं नाही. निकोटीन सुटलं की बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड होते. पहिले तीन-चार दिवस जड जातात, दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतं. गरम पाणी, पालेभाजी द्या, आणि दुपारची मिश्री आधी तोडा, सकाळची शेवटी. मदतीसाठी 1800 11 2356.

प्रश्न : पांढरं रेशनकार्ड आहे. जनआरोग्य योजनेत बसतो का? केसपेपरचे पैसे भरावे लागतात का? (मिरज)

उत्तर : बसता. महात्मा फुले जनआरोग्य योजना आता सगळ्या रेशनकार्डांना लागू आहे, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. चूक होते ती पैशांत : आधी डिपॉझिट भरायचं, मग योजना विचारायची. योजना कॅशलेस आहे, खिशातून भरलेले पैसे ती परत देत नाही. म्हणून भरती होतानाच आरोग्यमित्राला (हॉस्पिटलमधला योजनेचा मदतनीस) गाठा. रेशनकार्ड आणि फोटोचं ओळखपत्र सोबत ठेवा. दोन्हींवरचं नाव जुळत नसेल तर मंजुरी अडते, तेव्हा ते आजच दुरुस्त करून घ्या. हॉस्पिटल योजनेत आहे एवढंच पुरेसं नाही, तुमचा आजार तिथल्या यादीत आहे का तेही विचारा (योजनेचा हेल्पलाइन नंबर 155388).

केसपेपरचं म्हणाल तर आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तो 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहे. मिरजेचं सरकारी हॉस्पिटल वैद्यकीय शिक्षण खात्याचं, तिथे हा नियम लागू नाही. खिडकीवर त्यावरून भांडण काढू नका.