नाताळच्या ताटाचे प्रश्न

डिसेंबरच्या अंकासाठी नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी पाठवलेल्या काही प्रश्नांची उत्तरे येथे देत आहोत. बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण दिसते: सगळे काम २४ तारखेवर साचते आणि घरची माणसे पाहुण्यांसोबत बसण्याऐवजी शेगडीपुढे अडकतात. म्हणून कोणता पदार्थ किती दिवस आधी उरकता येईल, तेही जमेल तिथे सांगितले आहे.

केकसाठी सुकामेवा रममध्ये भिजवायचा राहून गेला. घरात लहान मुले आहेत, त्यामुळे रम तशीही नकोच होती. शिवाय मागच्या वर्षी सगळा मेवा तळाशी बसला आणि केक वरून फुटला. (शरणपूर रोड)

रमशिवाय आणि एका रात्रीत काम होते. बेदाणे, काळे मनुके, खजूर, टूटीफ्रूटी आणि संत्र्याची पाकवलेली साल मिळून ४०० ग्रॅम मेवा घ्या. खजूर बेदाण्याएवढा बारीक चिरा. त्यात १५० मिली संत्र्याचा रस घालून अगदी मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ठेवा, झाकण घाला आणि रात्रभर मुरू द्या. नागपुरी संत्री सध्या बाजारात भरपूर आहेत, तेव्हा डब्यातला रस आणू नका. काजू-अक्रोड भिजवायचे नाहीत, ते मऊ पडतात.

आठ इंची गोल भांड्यासाठी लोणी २०० ग्रॅम, पिठीसाखर १५० ग्रॅम, अंडी ४, मैदा २०० ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा चमचा, आणि दालचिनी-लवंग-जायफळाची पूड मिळून एक चमचा. रंगासाठी १०० ग्रॅम साखर कोरडीच जाळा. ती गडद तांबूस झाली आणि धूर सुटायच्या बेतात आली की आच बंद करून ८० मिली उकळते पाणी थोडे थोडे घाला. पाणी गार असेल तर पाक जोरात उडतो आणि हात भाजतो. साखर काळी होऊ दिली तर केक कडू होतो, आणि तो कडूपणा नंतर साखर वाढवून जात नाही. हा पाक पूर्ण गार झाल्यावरच मिश्रणात घाला.

मेवा तळाशी बसतो तो ओला असतो म्हणून, किंवा मिश्रण पातळ असते म्हणून. मेवा चाळणीत निथळून घ्या आणि मोजलेल्या मैद्यातलाच दोन मोठे चमचे मैदा त्याला चोळा. मिश्रण चमच्यातून ओघळता कामा नये, चमचा झटकल्यावर गोळ्याने पडले पाहिजे. नाशिकच्या थंडीत इथेच गाडी अडते. सकाळी स्वयंपाकघर इतके गार असते की लोणी फेसले जात नाही, आणि फ्रिजमधली अंडी घातली की मिश्रण फुटते. अंडी आदल्या रात्रीच बाहेर काढून ठेवा. लोण्याचे भांडे कोमट पाण्यात दोन मिनिटे धरून मग फेसा. मिश्रण फुटलेच तर चमचाभर मैदा घालून घोटा, ते पुन्हा मिळून येते.

केक वरून फुटतो तो ओव्हन जास्त तापल्यामुळे. वरची साय आधी घट्ट होते, आतले मिश्रण अजून फुगत असते, मग ते वाट काढते. तापमान १५० अंशांवर ठेवा, जाळी खालच्या खाचेत लावा आणि भांड्याला बाहेरून तपकिरी कागदाची दुहेरी पट्टी गुंडाळा. सव्वा तासानंतर सुरी घालून पाहायला सुरुवात करा; दीड ते पावणेदोन तास लागतात. २१-२२ तारखेला भाजलात तर २५ला चव मुरलेली असते आणि काप भुगा न होता निघतात. रसातला केक रममधल्यासारखा महिनोन्‌महिने टिकत नाही. आठवड्याभरात संपवा.

शेजाऱ्यांकडे फराळाचे ताट पाठवतो. त्यांना अंडे चालत नाही. केकचे काय? (इंदिरानगर)

वरच्या कृतीतले अंडी, साखर आणि निम्मे लोणी वगळा. ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १०० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम मैदा, १५० मिली संत्र्याचा रस, एक चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा. मेवा २५० ग्रॅमच घ्या, कारण अंड्याची पकड नसल्याने जास्त वजन पेलत नाही. सोडा घातल्यावर मिश्रण थांबवून ठेवू नका, लगेच भाजायला लावा.

तळणीचा क्रमही पाळा. शंकरपाळे, करंज्या, चकल्या नव्या तेलात आधी तळून ताटाचा वाटा बाजूला काढा, अंडे घातलेले कुलकुल (काट्यावर वळून तळलेला नाताळचा गोड पदार्थ) सर्वांत शेवटी. आणि ताटात काय अंड्याचे आहे, काय नाही, ते देतानाच स्वच्छ सांगा. पाहुण्याला संकोचाने विचारायला लागू नये.

कुलकुल तेलात उलगडतात. न उलगडलेले दगडासारखे होतात. (नाशिकरोड)

प्रमाण असे धरा: मैदा ५०० ग्रॅम, बारीक रवा ७५ ग्रॅम, पिठीसाखर ७५ ग्रॅम, अर्धा चमचा मीठ, चार मोठे चमचे कडकडीत तुपाचे मोहन, एक अंडे आणि लागेल तसे नारळाचे दाट दूध, साधारण २०० मिली. मोहन चोळल्यावर पिठाची मूठ वळली पाहिजे. वळत नसेल तर मोहन कमी आहे, आणि दगड होण्याचे पहिले कारण तेच. उलट मोहन फार झाले तर कुलकुल तेलात विरघळून तळाशी चुरा बसतो. दुसरे कारण रवा न भिजणे: मळलेले पीठ निदान तासभर झाकून ठेवा.

उलगडण्याचे कारण मात्र बहुधा हवा असते. डिसेंबरात इथली हवा कोरडी असते आणि उघड्या गोळ्यावर दहा मिनिटांत पापुद्रा धरतो. कोरडी कड कडेला चिकटत नाही. पीठ ओल्या फडक्याखाली ठेवा, एका वेळी मूठभरच बाहेर काढा. काट्याला किंवा नव्या कोऱ्या कंगव्याला पीठ लावायचे नाही, तेलाचे बोट पुसायचे. सुपारीएवढी गोळी काट्यावर पातळ दाबून गुंडाळी केली की शेवटची कड अंगठ्याने घट्ट दाबा आणि ती बाजू खाली करून ताटात ठेवा. वळलेले कुलकुलही झाकलेलेच हवेत.

तेल मध्यम तापवा. गोळीचा तुकडा टाकल्यावर तो हळूहळू वर आला पाहिजे. टाकताक्षणी उसळला तर तेल जास्त तापले आहे. पिठात साखर असल्याने रंग लवकर येतो आणि आत कच्चे राहते, असे कुलकुल दोन दिवसांत मऊ पडतात. हव्या त्या रंगाच्या थोडे आधीच काढा, बाहेर काढल्यावरही ते गडद होतात. वरून साखर हवी असेल तर २०० ग्रॅम साखर व १०० मिली पाण्याचा पक्का पाक करून, आच बंद करून त्यात कुलकुल टाका आणि साखर पांढरी होईपर्यंत हलवत राहा. घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे टिकतात, म्हणजे १५ तारखेपासून कधीही करा. आणि हे काम एकट्याने करायचे नाही. चार जण परातीभोवती बसले की दोन किलोही संध्याकाळभरात होतात, लहान मुलांचे हात यात मोठ्यांपेक्षा चांगले चालतात.

मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) वीस जण घरी येतात. बिर्याणी करून जावे का? (देवळाली कॅम्प)

नको. संध्याकाळी सातला दम दिलेली बिर्याणी रात्री एकपर्यंत बाहेर राहिली तर भात कोमट असतानाच त्यात जंतू वाढतात, आणि काहींचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही. बिर्याणी २५च्या दुपारी करा.

मिस्सेनंतर माणसे थंडीतून येतात, भूक असते पण जड जेवण कोणाला नको असते. काळ्या मसाल्याचा मटण रस्सा आणि पाव हे सर्वांत सोयीचे. वीस जणांना ३ किलो मटण, ६० पाव, लिंबू आणि कांदा पुरतो. रस्सा २४च्या दुपारी शिजवा, दोन-तीन पसरट भांड्यांत ओतून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. मोठ्या पातेल्यात तसाच ठेवला तर मधला भाग तासन्‌तास गरम राहतो. बाहेर कितीही थंडी असली तरी ओटा म्हणजे फ्रिज नव्हे. आल्यावर खळखळून उकळी आणा. पावाला तूप लावून तव्यावर परतायचे काम आलेल्या तरुण मंडळींकडे द्या.

बारा जणांच्या जेवणात सात जण वाइन घेतील. किती बाटल्या, कोणती, किती गार? (गंगापूर रोड)

७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. माणशी दोन-अडीच ग्लास धरले तर चार बाटल्या पुरतात. दोन पांढऱ्या, एक लाल, एक फेसाळती अशी विभागणी करा.

लाल वाइनच महागडी आणि मानाची, असे समजून तिखट रस्स्यासोबत तीच देणारे पुष्कळ. पण लाल वाइनमधला तुरटपणा तिखटाने आणखी बोचरा लागतो. झणझणीत जेवणासोबत किंचित गोडसर शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन बरी, ती नाशिकमध्ये सगळीकडे मिळते. शिराझ ही लाल वाइन भाजलेल्या, कमी तिखट मटणासोबत ठेवा. इथली द्राक्षतोडणी साधारण जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे पांढरी घेताना बाटलीवर याच वर्षाची तोडणी आहे का ते पाहा, ताजेपणा त्यातच असतो.

फेसाळती ब्रूट, म्हणजे जवळजवळ गोडवा नसलेली वाइन, आपण केकसोबत उघडतो आणि ती आंबट लागली म्हणून तिला नावे ठेवतो. गोड पदार्थासोबतची वाइन त्या पदार्थाहून गोड असावी लागते. केकसोबत उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाइन द्या. ब्रूट सुरुवातीला उघडा, चकली, चिवडा आणि खारे काजू यांच्यासोबत ती फार छान लागते.

फेसाळती ६ ते ८ अंश, पांढरी ८ ते १२, लाल १६ ते १८. फेसाळती आणि पांढरी फ्रिजमध्ये तीन तास, किंवा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून वीस-पंचवीस मिनिटे. नुसत्या बर्फाने वेळ लागतो, कारण बाटलीभोवती हवा राहते. फ्रीझरमध्ये विसरलेली बाटली फुटते. फेसाळती उघडताना तार सैल केल्यापासून बुचावरचा हात काढू नका, बूच धरून ठेवा आणि बाटली फिरवा. आतला दाब मोटारीच्या टायरपेक्षा जास्त असतो, तोंड कोणाच्याही दिशेला नको. आणि परत गाडी कोण चालवणार हे पहिला ग्लास भरण्याआधी ठरवा. त्या माणसासाठी पुढच्या उत्तरातले पेय आहेच.

घरीच द्राक्षांची वाइन घालायची आहे. (ओझर)

परवान्याशिवाय घरी वाइन आंबवणे महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्याने गुन्हा ठरते. आंबणे पुरते थांबण्याआधी बाटली बुचाने बंद केली की आतल्या वायूने ती फुटतेही. शिवाय डिसेंबरात येणारी द्राक्षे थोडी, आंबट आणि महाग असतात.

त्याऐवजी मनुका-आल्याचे पेय करा. २५० ग्रॅम काळे मनुके, ५० ग्रॅम ठेचलेले आले, एक दालचिनीचा तुकडा, चार लवंगा, दीड लिटर पाणी. वीस मिनिटे मंद उकळा, मनुके डावाने ठेचून गाळा. १५० ग्रॅम साखर जाळून, सावधपणे पाणी घालून केलेला पाक त्यात मिसळा. लिंबू मात्र गार झाल्यावरच, तीन लिंबांचा रस. उकळत्यात पिळले तर वास उडून जातो. फ्रिजमध्ये चार-पाच दिवस राहते. रात्री गरम करून द्या, दुपारी गार.

अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजली की छातीचे मांस कोरडे होते. (पंचवटी)

दीड किलोची कोंबडी कातडीसह मागा. न सांगितल्यास दुकानात सोलूनच देतात. दोन लिटर पाण्यात १०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात आठ तास फ्रिजमध्ये बुडवून ठेवा. मग कागदाने अगदी कोरडी पुसा, नाहीतर कातडी खरपूस होत नाही. लसूण-मिरीचे लोणी छातीवरच्या कातडीखाली भरा. मिठाच्या पाण्यात ठेवलेली असल्याने त्यात मीठ नको. रात्रभर दह्या-लिंबात मुरवू नका, वरचे मांस पिठूळ होते.

२०० अंशांवर वीस मिनिटे, मग १८० अंशांवर पन्नास ते साठ मिनिटे. घरगुती छोट्या ओव्हनमध्ये वरची कांडी कोंबडीच्या फार जवळ येते, रंग आला की छातीवर फॉइल टाका. मांडीच्या सांध्यात सुरी खुपसल्यावर रस स्वच्छ आला पाहिजे. थर्मामीटर असेल तर तिथे ७४ अंश. काढल्यावर पंधरा मिनिटे न कापता ठेवा, तेवढ्यात ट्रेमधल्या रसात चमचाभर मैदा परतून ग्रेव्ही होते. एक कोंबडी पाच जणांना पुरते. जास्त माणसे असतील तर मोठी न आणता दोन लहान आणा.