आगरकरांना हा प्रश्न पडला नसेल का?

प्रश्न : गेल्या वर्षी वडील गेले. कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. 'इच्छा राहिलीय, काहीतरी कबूल करा,' असं सांगितलं गेलं. 'आईला सांभाळीन,' म्हणालो आणि तिथंच माझा सगळ्यावरचा विश्वास उडाला. नंतर समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर वाचले. ते पटतात, पण धडकी भरते. देव नाही, परलोक नाही, मग जगायचं कशाच्या जोरावर? वडिलांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान मी चालवतो, पण मन रितं आहे. त्यात वर्षश्राद्ध आलंय. आई हटून बसली आहे.
— एक वाचक, कराड

उत्तर : आगरकरांना हा प्रश्न पडला असणारच. तुमच्या शेजारच्या टेंभूत 1856 साली जन्मलेला हा माणूस 1895 मध्ये गेला. चाळिशीसुद्धा गाठली नाही. दम्यानं छाती पोखरलेली, त्यामुळे मरण रोज डोळ्यांसमोर. (आटपाडीकडे टेंभू म्हटलं की उपसा योजनेनं उचललेलं कृष्णेचं पाणी आठवतं. आगरकरही आठवावेत, असं मला फार वाटतं.)

त्यांचं 'सुधारक' साप्ताहिक 1888 साली निघालं. त्यातल्या लेखांनी चिडून पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. तरी ते लिहीत राहिले. मिल आणि स्पेन्सर हे इंग्रज तत्त्वज्ञ वाचून त्यांचं मत पक्कं झालं होतं : नीतीला देवाचा टेकू लागत नाही, माणसाचं सुख याच जगात वाढवायचं. एम.ए.च्या उंबरठ्यावर असताना त्यांनी आईला कळवलं होतं, की मुलगा आता मोठा पगार आणील ही आशा धरू नकोस. पोटापुरतं मिळवून बाकीचा वेळ मी लोकांसाठी घालवणार. आणि गेले तेव्हा आपल्या अंत्यविधीसाठी त्यांनी 20 रुपये पुडीत बांधून ठेवलेले होते. मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या पुडीत दिसतं. वर कुणी हिशेब ठेवणारा नाही, तर आपला हिशेब आपणच चुकता करून जायचा.

तुमच्या रितेपणाबद्दल मात्र मला वेगळंच वाटतं. त्याला आगरकर जबाबदार नाहीत. तुमचे वडील गेलेत आणि त्यांच्याच खुर्चीत बसून तुम्ही रोज मोटारी बांधताय. श्रद्धावंतालाही हे दुःख चुकत नाही. वर्ष हा काही फार मोठा काळ नाही.

राहिलं श्राद्ध. आगरकरांच्या पत्नी यशोदाबाई सश्रद्ध होत्या. घराबाहेर कुणाची भीड न धरणाऱ्या या माणसानं आपली मतं बायकोवर लादली नाहीत. तुम्हीही आईला अडवू नका. पण खोटंही वागू नका. 'मी विधीला बसणार नाही, तू कर, चुलत्यांना बसव, पंगतीचं सगळं मी बघतो,' असं आधीच सांगा. ती रडेल, कदाचित चार दिवस बोलणार नाही. ते सोसा. संगमावर दिलेला शब्द मात्र तुमचाच आहे. कावळा शिवला काय, न शिवला काय, आईला सांभाळायचंच आहे.

आणि दुकानात वडिलांची उधारीची वही असेलच. ती काढा. कुणाचं देणं राहिलं असेल ते भागवा. ज्यांच्याकडून येणं आहे त्यांत कुणाची विहीर आटली असेल, ऊस वाळला असेल, तर ते नाव खोडा. कुठलं खोडायचं हे आईला विचारा, तिला माणसं माहीत असतील.