काहालचं उदाहरण देताय, तर पूर्ण द्या

प्रश्न: मुलाची बारावी सायन्स झाली. नीटला मार्क कमी पडले, म्हणून रिपीट करतोय. पण डोक्यात सतत फोटोग्राफी. शेवटी मी कॅमेरा कपाटात कुलूपबंद केला. स्पेनचे मेंदूशास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल यांनाही असंच वेड होतं. वडिलांनी धाकात ठेवून डॉक्टर केलं, कॅमेरा सुटला, नोबेल मिळालं. हे तुम्ही त्याला समजावाल का? – एक पालक, सातारा

उत्तर: नाही समजावणार, कारण ते तसं घडलेलंच नाही. आणि तुमच्या पत्रात मला मार्क खटकले नाहीत, ते कुलूप खटकलं.

काहालच्या वडिलांनी धाक भरपूर दाखवला. पोराला न्हाव्याच्या दुकानात ठेवलं, बूट शिवायला बसवलं. लहानपणी त्याला वेड होतं ते चित्रांचं, आणि ते तसूभर कमी झालं नाही. मुलगा सोळा वर्षांचा असताना मात्र बाप-लेक दफनभूमीतून हाडं गोळा करून घरी आणू लागले. वडील एकेक हाड समजावत, मुलगा ते कागदावर काढे. शरीरशास्त्राची गोडी तिथे लागली. पुढे त्याच्या चित्रांचा ॲटलास छापायची स्वप्नं वडीलच पाहू लागले!

कॅमेरा सुटला, हा तर निव्वळ गैरसमज. डॉक्टर झाल्यावर काहाल यांनी स्पेनमधल्या सारागोसा शहरात जिलेटिन आणि सिल्व्हर ब्रोमाइडच्या फोटो प्लेट स्वतः बनवल्या, इतक्या जलद की बैलझुंजीचा क्षण पकडता यावा. तिथले फोटोग्राफर त्या मागायला लागले, तेव्हा पत्नी सिल्वेरियाही प्लेट बनवायला हातभार लावत. 1903 मध्ये त्यांनी मज्जापेशी रंगवण्याची नवी पद्धत काढली: मेंदूचा तुकडा आधी सिल्व्हर नायट्रेटमध्ये, मग पायरोगॅलॉलमध्ये. हे दुसरं रसायन फोटो डेव्हलप करायला वापरत. डार्करूममध्ये कमावलेला हात प्रयोगशाळेत कामाला आला तो असा. 1906 मध्ये इटलीचे शास्त्रज्ञ गोल्जी यांच्यासह नोबेल मिळालं, तरी 1912 मध्ये त्यांनी रंगीत फोटोग्राफीवर पुस्तक लिहिलंच.

नीट पुन्हा द्यायची की उपयोजित कलेची सीईटी, ते फॉर्म निघतील तेव्हा ठरवता येईल. फोटोग्राफीवर पोट भरेल का, ही तुमची काळजी रास्त आहे. ती त्याच्यासमोर मोकळेपणाने मांडा. त्याला बायोलॉजी आवडते की नाही, याबद्दल तुमच्या पत्रात एक ओळही नाही. त्याने काढलेले फोटो तुम्ही कधी नीट पाहिलेत का, तेही नाही.

कॅमेरा आजच काढून द्या. मग दोघे भेटायला या. आधी मी त्याच्याशी एकट्याशी बोलेन, तोवर तुम्ही बाहेर बसा.