टोमणा होता की कौतुक?

"ताई, ही माणसं खरं बोलायलेत की टोमणा मारायलेत, मला कळतच नाही."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचं पाठ झालंय. कधी नवी सून म्हणते, कधी लातूरहून शिकायला आलेला मुलगा, कधी नव्या ऑफिसात रुजू झालेला चाळिशीचा गृहस्थ. काहींना टोमणा कळतच नाही. चारजण हसले की मग उजेड पडतो. काहींना सगळाच टोमणा वाटतो. पहिल्या जातीची माणसं दोन-तीनदा तोंडघशी पडली की दुसऱ्या जातीत जातात.

माझ्याकडे बोलायला आलेली एक नवी सून अशीच दुसऱ्या जातीत गेलेली. माहेर नांदेडकडचं, सासर पुण्यात, तेही सदाशिव पेठेत. लग्नाला वर्ष. होळीला तिने पहिल्यांदा एकटीने पुरणपोळ्या केल्या. सासरे जेवताना म्हणाले, "हिला काही पोळ्या जमत नाहीत हो." ती ताट तसंच ठेवून आत गेली आणि रडली. वर्षभराचं सगळं त्या एका वाक्यावर येऊन साचलं होतं.

"कसं म्हणाले ते? म्हणून दाखव बरं," मी म्हटलं.

तिने म्हटलं. मग म्हणाली, "नाही, असं नाही." पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा आणखी वेगळं. तीन वेळा तीन सासरे!

पूर्वी मीही इथेच अडकायचे. आवाज ऐका, सूर पकडा, चेहरा बघा, असं लोकांना सांगायचे. आपल्या काव्यशास्त्रात सुराच्या या वळणाला 'काकू' म्हणतात. ९व्या शतकातल्या रुद्रट या काव्यशास्त्रकाराने वक्रोक्तीचे, म्हणजे वाकड्या बोलण्याचे, श्लेष (एका शब्दाचे दोन अर्थ) आणि काकू असे दोनच प्रकार केले. (घरोघरच्या काकूंशी याचा संबंध नाही. नसावा.) सुराला महत्त्व आहेच, पण उपरोधाचा असा एकच सूर नसतो. मार्क पेल यांच्या मॉन्ट्रियलमधल्या प्रयोगशाळेतून २००९ मध्ये आलेल्या अभ्यासात इंग्रजी बोलणारे उपरोध करताना आवाज खाली आणत होते, तर कँटोनीज ही हाँगकाँगकडची चिनी भाषा बोलणारे वर चढवत होते. आणि काही माणसं टोमणा मारताना भाजीचा भाव सांगितल्यासारखं सपाट बोलतात. त्यात आठवणीतला सूर तर आपल्या मनःस्थितीचाच असतो. रडून आलेल्या माणसाला सगळे सूर कडूच आठवतात.

म्हणून हल्ली मी सूर सोडते आणि दुसराच प्रश्न विचारते. तिलाही विचारला, "हे वाक्य त्याआधी घरात कुणी म्हटलं होतं का?"

"कोणतं?"

"पोळ्या जमत नाहीत."

ती गप्प झाली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मीच. आदल्या रात्री. मला नाही जमणार म्हणून आईंना दहादा म्हटलं. बाबा तिथंच पेपर वाचत होते."

"आणि त्यांनी किती खाल्ल्या?"

"तिसरी चालू होती, ताई." आणि मग ती हसली. डोळ्यांत पाणी आणि तोंडावर हात.

ते वाक्य सासऱ्यांचं नव्हतंच. तिचंच होतं, त्यांनी ते तिसऱ्या पोळीवर तूप घालून परत केलं होतं. डॅन स्पर्बर आणि डिअर्ड्रे विल्सन या अभ्यासकांनी १९८१ मध्ये उपरोधाबद्दल हेच मांडलं, आणि मी त्यांच्या बाजूची आहे: उपरोधिक बोलणारा स्वतःचं मत सांगत नसतो, कुणाचं तरी म्हणणं किंवा कुणाची तरी अपेक्षा प्रतिध्वनीसारखी परत करतो आणि ती किती फसली ते दाखवतो. मराठीत तर यासाठी तयार शब्दच आहे: 'म्हणे'. "लवकर येणार होता म्हणे!" हे वाक्य आपलं नाही, हे त्या एका 'म्हणे'तच येतं. हा 'म्हणे' माझा मलाच भाजी निवडताना सापडला, त्याचा थोडा अभिमान आहे, लपवत नाही.

कौतुकाच्या रूपातला टोमणा लवकर कळतो. "फार मदत केलीस" म्हटलं की पुरे, कारण मदत करावी ही अपेक्षा घरात कायमच हजर असते. टीकेच्या रूपातलं कौतुक मात्र अवघड. आधीचं नकारार्थी वाक्य आठवलं नाही तर ते सरळ काळजात घुसतं.

तिला मी वही करायला सांगितली. डावीकडे, काय म्हणाले. उजवीकडे, हे आधी कुणाचं होतं. पंधरा दिवसांत अकरा नोंदी. "वा, धो धो पाणी!" ही सासूबाईंची ओळ नळाला उद्देशून होती, एरवी तीही हिने अंगावर घेतली असती. अशा पाच नोंदींचा तिच्याशी काही संबंधच नव्हता.

एक नोंद मात्र खराखुरा टोमणा निघाली. चुलत सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणाल्या होत्या, "आमच्या सुनेला घरासाठी फार वेळ असतो हो." उजवीकडे तिने लिहिलं होतं: कुणीच नाही, सगळेच. बरोबर होतं. सुनेने घर बघावं, ही अपेक्षा कुणी बोलून दाखवावी लागत नाही. अशा वेळी मी उलट टोमणा मारू नका म्हणते. त्यात समोरची व्यक्ती तरबेज असते, आणि "मी तर कौतुक केलं" म्हणायला मोकळी असते. अर्थ सरळ शब्दांत, न चिडता विचारायचा. तिने विचारला: "काकू, मी घरात कमी लक्ष घालते असं म्हणताय का?" काकू म्हणाल्या, "अगं, गंमत केली." पण पुन्हा पाहुण्यांसमोर केली नाही.

शेवटच्या भेटीला ती पावसामुळे वीस मिनिटं उशिरा आली. मी घड्याळाकडे बघून म्हटलं, "अगदी वेळेवर!"

छत्री कोपऱ्यात टेकवत ती म्हणाली, "तुमच्याकडूनच शिकले, ताई."

मागच्या खेपेला मी तिला पाऊण तास बाहेर बसवलं होतं.