पुसट छापाचं 2 रुपयांचं नाणं ऑनलाइन दोन लाखांना दिसतंय. माझ्याकडे भारताच्या नकाशाचं, एका बाजूने अर्धं पुसट असलेलं नाणं आहे. माझंही तेवढ्याला जाईल का?

नाही. तुम्ही लिहिलंय ते भारताच्या नकाशाचं, अकरा कडांचं नाणं 1990च्या दशकात अमाप पाडलं गेलं. एका बाजूचा छाप अर्धा पुसला गेलाय म्हणून ते ‘मिंट एरर’, म्हणजे टाकसाळीतच दोष राहिलेलं नाणं, होत नाही. जाहिरातीत आकडा कोणीही टाकतो, गिऱ्हाईक आलं का ते बघा. साइटवर ‘विकलेले’ असा फिल्टर असेल तर तो लावा, नाहीतर मुंबईच्या टोडीवालासारख्या लिलावगृहांचे जुने निकाल चाळा.

आता नाणं हातात घ्या. सोनाराकडे असतो तसा 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागेल. 1992 नंतरचं हे ताम्र-निकेलचं नाणं 26 मिमी रुंद आणि 6 ग्रॅमचं असतं, चुंबकाला चिकटत नाही. वजन साडेपाच-पावणेसहा भरलं आणि पुसट भागावर एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसले, तर कानस किंवा ग्राइंडर फिरलाय. अक्षरं सगळीकडून सारखीच बारीक झालीत, कडही पातळ वाटते? मग आम्लात बुडवलंय. टाकसाळीत ठशावर ग्रीस साचलं तरी अक्षरं पुसट उठतात, पण तेव्हा वजन पुरेपूर भरतं आणि त्या जागी ओरखडे नसतात. हा दोष खरा असला तरी त्याला लाख कोणी देत नाही.

सर्वात जास्त फसवाफसवी ‘ब्रॉकेज’मध्ये. आधीचं नाणं ठशाला चिकटून राहतं आणि पुढच्या कोऱ्या चकतीत रुततं. त्यामुळे खऱ्या ब्रॉकेजवर दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं, एकीकडे उठावाचं आणि दुसरीकडे तेच खोलगट, आरशातल्यासारखं उलटं. घरगुती ‘ब्रॉकेज’ म्हणजे दोन नाणी व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळलेली. तिथे खोलगट खुणेखाली मूळ छापाचे अवशेष दिसतात, मागची बाजूही चेपलेली असते. दहापट भिंगातून हे एका मिनिटात कळतं.

चकतीचा तुकडा गेलेला असेल तर त्याच्या बरोबर समोरची कड बघा. टाकसाळीतच कातरलेल्या चकतीवर ती कड बहुतेक वेळा अस्पष्ट उठते, कारण कड वळवताना समोर दाबायला धातूच नसतो. नंतर कापलेल्या नाण्याची ती कड ठणठणीत असते.

2012च्या वैष्णोदेवीच्या 5 आणि 10 रुपयांच्या नाण्यांच्या लाखांच्या जाहिरातीही त्याच माळेतल्या. मळलेलं, खरवडलेलं असेल तर दर्शनी किमतीपुढे एक पैसा देऊ नका. आणि हो, पितांबरीने घासून चकचकीत केलेलं नाणं संग्राहक बाजूलाच ठेवतो.

तुम्ही जाहिरात टाकल्यावर कोणी ‘खरेदीदार’ फोन करून रजिस्ट्रेशन फी, जीएसटी किंवा रिझर्व्ह बँकेचं कमिशन मागितलं तर फोन ठेवा. असल्या व्यवहारात आपण पडत नाही आणि कसलंही शुल्क घेत नाही, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021मध्येच जाहीर केलंय. ‘पैसे पाठवतो, क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणाला तरी तेच करा, पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात.