इनडिझाइनमधून एक्सएमएल काढण्याआधी स्टाइल्सकडे बघा

तुमच्याकडे इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली चारशे पानांची मार्गदर्शिका आहे, ग्राहकाला ती आता एक्सएमएलमध्येही (म्हणजे मजकुराचा प्रत्येक भाग काय आहे ते टॅग नावाच्या खुणांनी सांगणाऱ्या फाइलमध्ये) हवी आहे, आणि त्यासाठी फ्रेममेकर हे रचनाबद्ध दस्तऐवजांचं सॉफ्टवेअर शिकावं लागेल का, असं तुम्ही विचारलंय. या एका कामासाठी तरी गरज नाही. मात्र एक्सपोर्ट करण्याआधी फाइल साफ करायला भरपूर वेळ लागेल, तो ग्राहकाकडून आत्ताच मागून घ्या. एक्सपोर्ट दोन मिनिटांचं काम आहे, खरी मेहनत त्याच्या आधी आहे.

डीटीपीच्या फाइलला ओळ कशी दिसते ते नेमकं माहीत असतं, ती ओळ काय आहे ते माहीत नसतं. १८ पॉइंटची ठळक ओळ बघून वाचक ओळखतो की हे प्रकरणाचं नाव आहे. एक्सएमएलला ते कुणीतरी सांगावं लागतं, आणि इनडिझाइनमध्ये ते सांगण्याची भरवशाची जागा म्हणजे पॅराग्राफ आणि कॅरेक्टर स्टाइल्स, म्हणजे परिच्छेद किंवा अक्षरं कशी दिसावीत याचे नाव देऊन ठेवलेले नियम. ‘मॅप स्टाइल्स टू टॅग्ज’मध्ये प्रत्येक स्टाइलसमोर टॅग निवडला की सगळ्या मजकुराला एका फटक्यात टॅग लागतात. स्टाइलच्या नावापुढे अधिकचं चिन्ह दिसतं ना, ते ओव्हरराइड, म्हणजे स्टाइल तीच ठेवून हाताने केलेले फेरफार, मात्र या जाळीतून गळून पडतात.

हे मी एका उपकरणाच्या मार्गदर्शिकेवर काम करताना शिकलो. त्यात धोक्याच्या सूचना ‘बॉडी’ स्टाइलमध्येच होत्या, फक्त हाताने ठळक आणि लाल केलेल्या. छापील पानावर त्या लगेच डोळ्यात भरायच्या. एक्सएमएल उघडलं तर ‘झाकण उघडण्याआधी वीज बंद करा’ आणि ‘झाकण कोरड्या कापडाने पुसा’ ही दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी, एकाच टॅगमध्ये. कुठली जिवावर बेतणारी आणि कुठली साधी, ते कळायला काही मार्गच उरला नव्हता. मग फाइंड-चेंजमध्ये शब्द न शोधता फॉरमॅट शोधला: बॉडी, ठळक, लाल. बदलीच्या रकान्यात ‘इशारा’ नावाची नवी पॅराग्राफ स्टाइल दिली. तरी काही सूचना सुटल्याच, कारण तिथे लाल रंगाचा स्वॉच, म्हणजे फाइलमध्ये जतन केलेला रंग, वेगळा होता. त्यामुळे शेवटी पीडीएफ शेजारी ठेवून पान न् पान तपासलं. तुम्हीही तपासा, यात घाई नको.

असंच दुसरं दुखणं म्हणजे शिफ्ट-एंटर, परिच्छेद तोच ठेवून ओळ तोडणारं बटण. शीर्षक दोन ओळींत छान बसावं म्हणून मारलेला हा ब्रेक मजकुराचाच भाग असतो, आणि तो यू+२०२८ हे अक्षर बनून एक्सएमएलमध्ये जातो. पानावर दिसत नाही, पण पुढे शोध आणि अनुक्रमणिका बिघडवतो. ओळीच्या शेवटी हाताने टाइप केलेली जोडरेघही तशीच सोबत जाते. टॅब मारून उभे केलेले तक्ते तर आधी खऱ्या टेबलमध्ये बदलूनच घ्या. आणि मजकूर युनिकोडच्या (सगळ्या लिपींसाठीच्या सामायिक अक्षर-संकेताच्या) आधीच्या फाँटमध्ये असेल तर सर्वांत पहिलं काम रूपांतराचं, नाहीतर टॅग अचूक लागूनही आत निरर्थक अक्षरं राहतील.

वाचनाचा क्रमही बघून घ्या. सुट्या फ्रेममधली चित्रं आणि चौकटी टॅगची रचना दाखवणाऱ्या स्ट्रक्चर पेनमध्ये पानावरच्या क्रमानेच येतील असं नाही. चित्र त्याच्या परिच्छेदाला अँकर केलं, म्हणजे बांधून ठेवलं, की ते मजकुरात आपल्या जागी राहतं.

एवढं केल्यावरही हाती येतं ते सपाट एक्सएमएल. शीर्षक, परिच्छेद, परिच्छेद, उपशीर्षक, परिच्छेद, अशी एकाच पातळीवरची रांग. ग्राहकाचा डीटीडी, म्हणजे कुठला टॅग कशाच्या आत चालतो त्याची नियमावली, बहुधा ‘विभागाच्या पोटात उपविभाग’ अशी रचना मागेल. ती इनडिझाइनमध्ये हाताने ओढून-ओढून उभी करत बसू नका, चारशे पानांत हमखास चुका होतील. एक्सपोर्टनंतर बाहेर एक्सएसएलटी, म्हणजे एक्सएमएलची रचना बदलणारी भाषा, चालवा. २००७ साली आलेल्या एक्सएसएलटी २.० मध्ये ‘इथून नवा गट सुरू’ असं सांगण्याची सोय आहे, म्हणजे प्रत्येक शीर्षकापासून पुढच्या शीर्षकापर्यंतचा मजकूर आपोआप एका विभागात गुंडाळला जातो. अर्थात हे जमतं ते शीर्षकांच्या स्टाइल्स शिस्तीत लावलेल्या असतील तरच.

आता फ्रेममेकर. पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर १९८५ साली आलं आणि एसजीएमएल या एक्सएमएलच्या पूर्वजाचं मानक १९८६ साली, पण हे दोन प्रवाह बराच काळ वेगळेच वाहिले. त्यांना एकत्र आणण्याचा मनापासून प्रयत्न मला फ्रेममेकरमध्ये दिसतो. तिथे ईडीडी नावाच्या फाइलमध्ये कशाच्या पोटात काय येऊ शकतं आणि ते कसं दिसेल, दोन्ही लिहिलेलं असतं. नियम मोडला की स्ट्रक्चर व्ह्यूमध्ये लाल खूण दिसते, म्हणजे चूक लिहितानाच सापडते. हीच मार्गदर्शिका दरवर्षी सुधारून निघणार असेल, अनेक लेखक तिच्यावर काम करणार असतील, तर तो खर्च आणि तो अभ्यास सार्थकी लागेल. एकदाच रूपांतर करायचं असेल तर नाही.

ग्राहकाला एक प्रश्न लेखी विचारा: यापुढे दुरुस्त्या कुठे होणार, इनडिझाइनमध्ये की एक्सएमएलमध्ये? दोन्हीकडे होऊ लागल्या की महिनाभरात दोन वेगळ्या मार्गदर्शिका तयार होतात. एक्सएमएल परत इनडिझाइनमध्ये आणून पानं लावायची ठरलीच, तर एक गोष्ट आधीच माहीत असू द्या. इनडिझाइन एक्सएमएलमधली मोकळी जागासुद्धा मजकूर म्हणून घेतं. दोन परिच्छेदांच्या टॅगमध्ये नवी ओळ नसेल तर परिच्छेद एकमेकांना चिकटतात, आणि वाचायला सोपं जावं म्हणून समास सोडून मांडलेलं एक्सएमएल घेतलं तर त्या समासाच्या जागा पानावर उमटतात. म्हणून सगळी फाइल हातात घेण्याआधी एकच प्रकरण निवडा, ते बाहेर काढा, परत आत आणा, आणि मूळ पानाशेजारी ठेवून बघा.