फ्रँक मॅक्गीचे १४ गोल आणि त्यामागचा माणूस

‘आइस हॉकीतल्या स्टॅनली कपच्या एकाच सामन्यात १४ गोल करणारा फ्रँक मॅक्गी कोण होता? हा आकडा खरा आहे का?’ असं तुम्ही विचारलंय.

आकडा खरा आहे. १६ जानेवारी १९०५ रोजी त्याच्या ओटावा संघाने डॉसन सिटीच्या संघाला मालिकेतल्या दुसऱ्या सामन्यात २३-२ असं हरवलं, त्यात १४ गोल एकट्या मॅक्गीचे होते. हा विक्रम आजही मोडलेला नाही. पण मला विचाराल तर एवढ्यावरून त्याला ओळखणं अन्यायाचं आहे. डॉसनचे खेळाडू कॅनडाच्या वायव्य टोकाच्या युकॉनमधून बर्फातून पायी, मग बोटीने, मग रेल्वेने सुमारे ४,००० मैल येऊन पहिल्या सामन्याच्या जेमतेम आधी ओटावात पोचले होते. थकलेल्या संघावर गोल चढवणं ही त्याची खरी कमाई नव्हे.

खरी गोष्ट १९०० सालची. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लढणाऱ्या कॅनडाच्या सैनिकांसाठी निधी जमवायला एक सामना ठेवला होता. त्यात चकती तोंडावर बसली आणि विशीसुद्धा न गाठलेल्या मॅक्गीचा डावा डोळा गेला. काही काळ तो पंच म्हणून मैदानावर उभा राहिला. १९०३ मध्ये मात्र पुन्हा काठी हातात घेऊन उतरला. तेव्हा चेहऱ्याला जाळी नव्हती, डोक्याला हेल्मेट नव्हतं. चकती पुढच्या दिशेला पास करायला बंदी असल्यामुळे आघाडीच्या खेळाडूला चकती स्वतःच घेऊन धावावं लागे. एका बाजूचं दिसत नसताना, तिकडून धडक कधी येईल याचा नेम नसताना हा माणूस तसा खेळला! लीगच्या २३ सामन्यांत ७१ गोल, म्हणजे सामन्याला तीन. मला १४ पेक्षा हा आकडा कितीतरी मोठा वाटतो. १९०३ पासून १९०६ पर्यंत कप ओटावाकडेच राहिला.

मग वयाच्या २३ व्या वर्षी त्याने खेळ सोडला आणि सरकारी नोकरीत लक्ष घातलं.

पहिलं महायुद्ध पेटल्यावर तो एका डोळ्यानिशी सैन्यात गेला. गुडघा जखमी झाला, उपचारांसाठी इंग्लंडला पाठवलं. बरा झाल्यावर आघाडीपासून लांब, कचेरीतलं काम मिळत होतं. भाऊ चार्ल्स याच युद्धात आधीच मारला गेला होता. तरीही फ्रँक आघाडीवर परतला आणि १६ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समधल्या सोम नदीकाठच्या लढाईत, कूर्सेलेत गावाजवळ मारला गेला. देह सापडलाच नाही. फ्रान्समध्ये व्हिमीच्या स्मारकावर, कबर न लाभलेल्या ११,००० हून अधिक कॅनेडियन सैनिकांच्या नावांत त्याचंही नाव कोरलेलं आहे.